खालची कवळी

सकाळच्या पाकिटांतल्या चौथ्या पाकिटातून एक खालची कवळी निघाली, मधोमध तडा गेलेली, आणि ती बाबांची होती. पाकिटावर नाव भलत्याच कुणाचं होतं. दवाखानाही भलताच, बाजाराच्या पलीकडचा, जिथून आमच्या लॅबकडे महिन्याला जेमतेम दोन-तीन कामं येतात. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'पडून तडा. पेशंट घाईत आहे.' पण मी सत्तावीस वर्षं दात करतोय, मला माझ्याच हातचं काम ओळखू येणार नाही होय? डावीकडचा दुसरा दात मी मुद्दाम जरासा तिरका बसवला होता, कारण बाबांचा खरा दातही तसाच होता आणि सरळ दातांत बाबा मला बाबा वाटले नसते. हिरडीच्या गुलाबी भागावर मी सुईच्या टोकाने बारीक बारीक खळगे पाडले होते, खऱ्या हिरडीला असतात तसे. दातांच्या मुळांशी खाचा कोरल्या होत्या. असलं काम आम्हांला कुणी सांगत नाही, आणि केलं तर पाहायलाही कुणी जात नाही. म्हाताऱ्या माणसाचा खालचा ओठ उचलून बघणार कोण? तरी मी चार रविवार त्यावर घालवले होते. आणि आता त्या प्रत्येक खळग्यात, प्रत्येक खाचेत जांभळा रंग बसला होता.

मी दिवा खाली ओढला आणि भिंग लावलं. चहाचा डाग तपकिरी असतो, औषधाचा पिवळट, बीटाचा दोन धुण्यांत जातो. हा त्यातला नव्हता. वरचा थर ताजा, काळपट जांभळा; त्याच्याखाली एक जुना, विटका; त्याच्याही खाली आणखी एक. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा नव्हे. शेजारच्या टेबलावर आमचा पॉलिशवाला शिट्टी वाजवत मोटर पुसत होता, तो म्हणाला, "काय हो, एवढं काय सापडलं?" मी म्हटलं, "काही नाही, तडा बघतोय." हा रंग जगात एकाच ठिकाणचा होता, बाबांच्या घरामागच्या उतारावरचा, आणि त्या उतारावर पाय ठेवणार नाही असा बाबांनी शब्द दिला होता. माझ्यासमोर दिला होता. शिवाय चिठ्ठीतलं ते 'पडून'. काय पडलं होतं, कवळी की बाबा?

गेल्या उन्हाळ्यात बाबा त्या उतारावर घसरले आणि दोन झुडपांच्या मधे साडेचार तास पडून राहिले. कुत्रं फिरवायला आलेल्या एका बाईला दिसले म्हणून बरं. खुब्याला मार, मनगट मोडलेलं, आणि हातातला डबा मात्र सरळ धरलेला, एक फळ सांडलेलं नाही. हॉस्पिटलात ताई त्यांच्या पायांशी उभी होती. ताई विमानतळावर सामान तपासते, दिवसाला हजारभर बॅगा तिच्या पडद्यावरून जातात आणि तिच्यापुढे थापा मारायची लोकांची हिंमत होत नाही. तिने शांतपणे सांगितलं, "बाबा, पुन्हा एकदा जरी तिकडे गेलात, तरी घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं. नवव्या मजल्यावर. मी बोलून दाखवत नाहीये, करणार आहे." बाबा म्हणाले, "कबूल." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू. तुझं घर तासाभरावर आहे, माझं दिवसभराच्या प्रवासावर. तुला कळलं तर तू मला सांगशील. लपवणार नाहीस." मीही म्हटलं, "कबूल." बाबांच्या बाबतीत ताई चुकत होती असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आजही येत नाही. तिने बाबांच्या पँटीवरचे ते डाग पाहिले तेव्हा आधी तिला ते रक्तच वाटलं होतं. त्यांचं दुसरं, धड मनगट घट्ट धरून ती किती वेळ नुसती बसली होती.

त्या फळांना शास्त्रात काहीतरी नाव असेलच, आमच्या घरात त्यांना नुसतं 'काळी' म्हणत. "काळी आली का?" "काळी आली." एवढं झालं की उन्हाळा सुरू. मग बाबा माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायचे. त्यात आईने पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, तीसेक तरी असतील, प्रत्येकीवर एकेक नाद: सुतारकाम, बासरी, विणकाम, जादू, पतंग, चित्रं, नकाशे, साबणावर कोरीवकाम. ज्याने जी उचलली ती त्याची, अदलाबदल चालणार नाही, येत नाही म्हणायचं नाही, आणि काळी संपायच्या आत काहीतरी पुरं करून दाखवायचं. हा नियम आईचा. ती शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या सांभाळायची, वर्षभर दुसऱ्यांचे प्रयोग धुवायची, म्हणून उन्हाळ्यात आपले प्रयोग. बाबा टपालखात्यात पत्रं निवडायचे आणि त्यांना कसलीही कला म्हणून येत नव्हती, पण हौस अशी की विचारू नका. एका वर्षी त्यांना व्हायोलिन आलं, तर शेजारच्या काकांनी आठवडाभर आपल्या मांजरीला दोष दिला. आईला तीन वर्षं लागोपाठ बासरी आली आणि तिसऱ्या वर्षीही तिच्यातून फुंकरच निघाली. ताईने जादूत बाबांचं घड्याळ गायब केलं. ते परत आणायचा भाग पुस्तकाच्या पुढच्या पानावर होता आणि ते पान कुणीतरी फाडलेलं. मला विणकाम आलं त्या वर्षी मी इतका रडलो की आई म्हणाली, "रड, पण सुई चालू ठेव." तो मफलर बाबांनी पुढे कित्येक हिवाळे घातला, एका टोकाला वीतभर रुंद आणि दुसऱ्या टोकाला हातभर.

सकाळी लवकर उतारावर जायचं, डबे कमरेला दोरीने बांधून, म्हणजे दोन्ही हात मोकळे. खालच्या फांद्या माझ्या, मधल्या ताईच्या, वरच्या आईबाबांच्या. बाबांचं एक होतं, प्रत्येक झुडपावरचं पहिलं फळ तिथेच तोंडात टाकायचं. म्हणायचे, "चाखल्याशिवाय झुडपाची ओळख होत नाही, बारक्या. हे आंबट, हे तुझ्या आत्यासारखं, हे जरा शहाणं." परत येताना आम्हा चौघांची तोंडं अशी दिसायची की रस्त्यात लोक वळून बघत. मग दुपारभर घरात खाटखूट, खरडखरड, आणि चुलीवर जॅम शिजतोय. मी नऊ वर्षांचा असताना मला साबणावरचं कोरीवकाम आलं. कुत्रा करायला घेतला. पाय जमेनात, शेपूट मोडली, डोकं कापता कापता लहान होत गेलं, शेवटी उरले ते फक्त त्याचे दात, पण ते मात्र अस्सल. आईने ते तळहातावर घेऊन इतका वेळ पाहिले की मला वाटलं आता हसणार. ती म्हणाली, "अहो, हे बघा, याला दात येतात." माझ्या आख्ख्या आयुष्याची दिशा कुणी ठरवली असेल तर त्या वाक्याने. आईला जाऊन सहा वर्षं झाली, आणि अजून एखादा दात मनासारखा उतरला की मी तो आधी तळहातावर धरून बघतो.

आता माझ्या तळहातावर ती कवळी होती आणि मी गोष्टी जुळवत होतो. ओळखीचा डॉक्टर सोडून बाबा बाजार ओलांडून गेले होते, खुब्याचं दुखणं असताना, खोटं नाव सांगून, कशासाठी, तर ही कवळी माझ्या हातात पडू नये म्हणून. पस्तीस वर्षं पत्रं योग्य पत्त्यावर टाकली म्हणून फुशारकी मारणारा माणूस, त्याला हे कसं ठाऊक नाही की या शहरातले सगळे दात दोनच लॅबमध्ये जातात? मला हसूही येत होतं आणि रागही. राग मुख्यतः स्वतःचा. साधी, गुळगुळीत, कारखानी कवळी केली असती तर डाग एका चुळीत निघून गेला असता. मी माझ्या हौसेने खळगे कोरले, खाचा कोरल्या, आणि माझ्याच त्या चार रविवारांनी बाबांना पकडून दिलं. तडा मी तासाभरात सांधला. मग कवळी औषधी पाण्यात टाकली, ब्रशने घासली, पुन्हा टाकली. डाग फिका झाला, गेला नाही. तो घालवायचा तर एकच उपाय होता, मोटरवर धरून वरचा थर घासून काढायचा, म्हणजे खळगेही गेले, खाचाही गेल्या. पॉलिशवाला म्हणाला, "द्या इकडे, मी करतो." मी म्हटलं, "नको, हे मी करतो."

आणि मी घासायला सुरुवात करणार तेवढ्यात ताईचा फोन आला. शुक्रवारी ती जेवणाच्या सुट्टीत फोन करतेच. मागे विमानांच्या घोषणा चालू असतात, त्यामुळे ती नेहमी थोडं ओरडूनच बोलते. "बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." "आवाज असा का लागलाय तुझा?" "पूड गेली घशात." ती म्हणाली, "अरे, परवा फोनवर ते बोबडं बोलत होते. दातांचं काही झालंय का?" मी म्हटलं, "बघतो." ती म्हणाली, "सांगशील ना, काही असलं तर? मला इथून काही दिसत नाही रे. तुझ्या डोळ्यांवरच सगळं." मी म्हटलं, "सांगेन की." फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. लहानपणी काच फुटली की तिनेच माझा आळ स्वतःवर घेतलेला, एकदा नाही, अनेकदा. आणि ही मागत काय होती, तर फक्त खरं. मग मी मोटर सुरू केली, आणि पांढऱ्या ओल्या पुडीत ती हिरडी हळूहळू सपाट होत गेली. डाग गेला. बाबांचा तिरका दात तेवढा तिरका राहिला. बाकी ती कुणाच्याही तोंडात शोभली असती.

बाजारापलीकडच्या डॉक्टरांना मी कळवलं की कवळी मीच पोचवतो, आणि शनिवारी दुपारी बसने शेवटच्या थांब्यावर उतरलो. वाटभर मी मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी भांडत होतो. ताईला सांगितलं तर बाबा नवव्या मजल्यावर, खिडकीशी खुर्ची, खाली गाड्यांच्या रांगा, आणि मी शब्दाला जागलेला. नाही सांगितलं, आणि उद्या ते पुन्हा दोन झुडपांच्या मधे पडून राहिले, या खेपेला कुत्रं फिरवायला कुणी आलं नाही, तर? मी आपला कवळी खिशात घेऊन निघालो होतो, एवढंच.

बाबांनी दार उघडलं ते तोंडावर रुमाल धरून. मला बघून त्यांनी रुमाल आणखी घट्ट धरला आणि रुमालातूनच म्हणाले, "आज कुठे तुझा दिवस?" मी डबी पुढे केली. त्यांनी ती घेतली, माझ्याकडे बघितलं, पाठ फिरवून मोरीत गेले, आणि मी आत टेबलापाशी गेलो. टेबलावर बिस्किटांचा तो डबा उघडा होता. शेजारी जॅमच्या बाटल्या, त्यांत तळाशी गाळलेला काळा-जांभळा रस, एक टाक, टिपकागद, आणि ओळीने मांडलेल्या चिठ्ठ्या. आईच्या चिठ्ठ्या. पेन्सिल इतकी पुसट झाली होती की काही शब्द कागद तिरका धरल्याशिवाय दिसत नव्हते. आणि त्या पुसट अक्षरांवरून बाबा त्या फळांच्या शाईने गिरवत होते, आईची वेलांटी तशीच, आईच्या 'ब'चं ते विनाकारण मोठं पोट तसंच. सतरा झाल्या होत्या. 'बासरी' नुकतीच झाली होती, अजून ओली होती. मी खुर्चीवर बसलो. बाबा अजूनही उन्हाळ्यात तो डबा काढतात हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

बाबा आले, कवळी लावून. जीभ आतून फिरवत होते, हे स्पष्ट दिसत होतं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. म्हणाले, "ही माझी नव्हे."

"तुमचीच आहे."

"माझ्या कवळीला खडबड होती. जिभेला सवय आहे माझ्या तिची." त्यांनी जीभ पुन्हा एकदा फिरवली. "तू घासलीस."

"हो."

"म्हणजे पाहिलंस."

"हो, बाबा."

ते समोर बसले. म्हणाले, "मोरीत डाग काढत होतो, ओले हात, सटकली. फरशीवर." मी विचारलं, "कवळीच ना? तुम्ही नाही ना पडलात?" ते म्हणाले, "कवळीच. मी आता बूड टेकवत टेकवत उतरतो, बघ पँट." आणि खरंच उभे राहून पँटीची मागची बाजू दाखवली. मग पुन्हा बसले. मी म्हटलं, "ही शाई टिकणार नाही, बाबा. रंगांचं काम करतो मी. वर्षभरात तपकिरी होईल, दोन वर्षांत जाईल." ते म्हणाले, "माहितीय. मग पुढच्या वर्षी पुन्हा गिरवायचं." मी म्हटलं, "दुकानातली शाई आणून देतो. शंभर वर्षं हलणार नाही." ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले, तसंच, जसं मी मफलर विणताना रडायचो तेव्हा बघायचे. म्हणाले, "अरे, शंभर वर्षं मला काय करायचीत? मला दर वर्षी तिची अक्षरं काढायचीत." माझा बाप मला त्या क्षणी इतका आवडला की मी टेबलावरचा टिपकागद उचलून उगीचच सरळ करत बसलो.

"ताईला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. विचारत होती. मी 'बरे आहेत' म्हटलं."

"आणि सांगणार?"

"नाही सांगणार." हे मी बोललो तेव्हा कळलं की मी ठरवलेलं होतं, बहुतेक मोटर सुरू केली तेव्हाच. बाबांनी मान हलवली, मला वाटलं समाधानाने. पण ते उठले, भिंतीला धरून फोनपाशी गेले, चष्मा वर सरकवला आणि आकडे दाबायला लागले. मी म्हटलं, "बाबा, काय करताय?" ते म्हणाले, "तुला खोटं पचत नाही. लहानपणीही पोट बिघडायचं तुझं. आणि माझ्यामुळे तुम्हा दोघांत कुसळ नको." पलीकडे ताईने फोन उचलला असणार. "मोठे, मी बोलतोय. ऐक. मी वर जातोय. हो, उतारावर. एकटाच. या उन्हाळ्यात अकरा वेळा. नाही, पडलो नाही. बारक्याला काल कळलं, त्याला मीच गप्प बसवत होतो, त्याच्यावर चिडू नकोस." ही थाप त्यांनी किती सहज मारली. "शब्द मी दिला होता, मोडलाही मी. तू म्हणालीस तसं मी येतो तुझ्याकडे, कुरकुर नाही करणार. फक्त काळी संपेपर्यंत थांब. तेवढंच. माझ्या तेरा चिठ्ठ्या राहिल्यात." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मग रिसीव्हर माझ्याकडे धरून म्हणाले, "तुला देतो."

मी तो कानाला लावला. आधी काहीच ऐकू आलं नाही, नुसती मागची गडबड, सामानाच्या गाड्यांची चाकं. मग नाक ओढल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "कसल्या चिठ्ठ्या?" मी सांगितलं. अर्धंच सांगू शकलो, बाकीचं तिने ओळखलं. मग तिचा तो नेहमीचा, कामावरचा आवाज. "काळी किती उरलीत?"

मी खिडकीतून वर पाहिलं. खालची आणि मधली झुडपं पार झडून गेली होती, नुसती काटेरी. वर दोन-चार ठिकाणी काळे ठिपके, तेही सुकत चाललेले, आणि त्यांवर पाखरं. आठवडा, फार तर दहा दिवस. ताई माझ्याहून पाच उन्हाळे जास्त त्या उतारावर चढली होती. काळी कधी संपतात हे घरात दर वर्षी तीच सांगायची आणि तिचा दिवस कधी चुकला नव्हता. मी म्हटलं, "पुष्कळ आहेत अजून. निम्मी तर कच्चीच आहेत."

"कच्ची."

"हिरवीगार. यंदा उशीर आहे सगळ्याला."

तिकडे कुठल्यातरी विमानाची घोषणा सुरू झाली आणि संपली. ताईने ती संपू दिली. "ठीक आहे," ती म्हणाली. "सगळी पिकली की मला कळव. तोवर त्यांना वर एकटं जाऊ द्यायचं नाही, तू जायचं, आणि तुला नाही जमलं तर मला सांगायचं, मी सुट्टी टाकीन." आणि तिने फोन ठेवला.

बाबा मला बिलगूनच उभे होते. "काय म्हणाली?"

"म्हणाली, सगळी पिकली की कळव."

बाबांनी खिडकीतून वर बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. "अरे, पण ती तर संपत आलीत. तिला ठाऊक नाही होय?"

"ठाऊक आहे, बाबा."